खाडाखोड नसलेला बगळा

त्यांचा डावा हात मनगटापर्यंत काळा होता आणि उजवा नुकत्याच घासलेल्या पितळेसारखा स्वच्छ. अमरावतीच्या कापूसबाजारात नवा आलेला व्यापारी प्रथम या दोन हातांकडे पाही, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि मग शेजाऱ्याला हळूच विचारी की या गृहस्थांना काही रोग तर नाही ना. रोग नव्हता. डावा हात रुप्याच्या पाण्याने काळा झालेला होता, म्हणजे छायाचित्राची काच ज्या द्रवात बुडवतात त्याने; आणि उजवा हात कापसासाठी राखलेला होता. उजव्याने ते त्या पाण्याला कधी शिवले नाहीत व डाव्याने कापसाला. देवाला नमस्कार करतानाही दोन तळवे एकमेकांस लागणार नाहीत इतके अंतर ते राखीत. त्यांच्या पत्नी म्हणत, "देवाले समजत नसन, हा मानूस हात जोडून राहिला का काही दडवून राहिला."

बाजारात त्यांना सगळे पारखी म्हणत. नाव मला ठाऊक आहे. परंतु ते मी येथे लिहिणार नाही. ते नाव एकदा माझ्या लेखणीतून नको तेथे जाऊन पडले, आणि त्याचा जो परिणाम झाला तो नमूद करण्यासाठीच हा कागद घेतला आहे.

ज्या वर्षांची ही हकीकत आहे त्या वर्षांत अमेरिकेत यादवी माजली होती, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीत जे काही पांढरे उगवेल त्यावर साऱ्या जगाचा डोळा होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्यांनी जन्मात बोंड फोडले नव्हते ते व्यापारी झाले. अशा काळात पारख्याचा मान वाढतो, आणि त्याचे शत्रूही त्याच मानाने वाढतात.

गठ्ठा समोर आला की ते बाही वर सारून उजवा हात कोपरापर्यंत आत घालीत आणि अगदी पोटातला कापूस काढीत. मग त्यातल्या धाग्याचे एक टोक दातांत धरून दुसरे चिमटीने ओढीत, कारण डावा हात बाद होता. धागा तुटतानाचा आवाज त्यांना म्हणे दातांतून थेट कानात ऐकू येई. "लांब धागा तुटतानी बोलते," ते सांगत, "आखूड नुसता मरते." पसंत पडलेल्या गठ्ठ्याच्या गोणपाटावर ते गेरूने तीन रेघा ओढीत, ओल्या मातीत उमटलेल्या पक्ष्याच्या पायासारख्या. ही त्यांची खूण. ती असलेला गठ्ठा मुंबईत कोणी उकलून पाहत नसे. लिहिता न येणाऱ्या त्या माणसाची सारी सही, सारा दस्तऐवज आणि सारी अब्रू त्या तीन रेघांत होती.

त्यांचे आणखी एक वाक्य येथेच नोंदवतो. गठ्ठ्याच्या वरच्या थरात काडी नाही, पानाचा चुरा नाही, असा शुभ्र कापूस दिसला की इतर पारखी खूश होत. हे दुसऱ्यांदा हात घालीत. "लय साफ दिसला का मले भेव वाटते," ते म्हणत. "काडीबिगर कापूस झाडाले येत नाही जी, दुकानातच येते." हे वाक्य वाचकाने ध्यानात ठेवावे. मी ठेवले नाही.

पक्ष्यांचे वेड त्यांना कापसापायीच लागले. हंगामात माल मुंबईस जाई, प्रथम रेल्वे जिथवर आली होती तिथवर बैलगाड्यांतून व पुढे आगगाडीने, आणि व्यापारी पारख्यांना मालाबरोबर धाडीत. तेथे गुदामांच्या पलीकडे समुद्र होता. ओहोटी लागली की कोसभर चिखल उघडा पडे आणि त्या चिखलावर, आमच्या मुलखात कोणी स्वप्नातही पाहिले नसतील असे पक्षी उतरत. पहिल्या खेपेस पारखी म्हणे तेथे दिवसभर उभे राहिले, आणि भरतीचे पाणी गुडघ्यापर्यंत आले तेव्हा कोळ्यांनी त्यांना ओढून काढले. त्या पक्ष्यांची नावे त्यांना ठाऊक नव्हती. म्हणून त्यांनी आपली ठेवली. कुरवांना, म्हणजे मासोळ्यांवर झडप घालणाऱ्या पांढऱ्या समुद्रपाखरांना, ते 'जावा' म्हणत, कारण एका मासोळीवरून दहाजणी भांडत. चिखलात तुरुतुरु पळणाऱ्या बारीक चोचीच्या पक्ष्यांना 'कारकून', कारण ते सारखे काहीतरी टिपतात आणि सारखे घाबरतात.

लोहमार्गाची मोजणी करणाऱ्या एका साहेबाने विलायतेस परत जाताना आपली छायाचित्राची पेटी विकली, ती यांनी घेतली, आणि त्या साहेबाच्या खानसाम्याकडून विद्या शिकून घेतली. त्या विद्येत मला एकच गोष्ट समजली व ती विलक्षण वाटली: काचेवर जो चिकट लेप देतात तो कापसाचाच असतो. कापूस तेजाबात भिजवून, धुऊन, वाळवून, एका भुर्रकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवायचा. पारखी त्यासाठी स्वतः वेचलेला कापूस वापरीत. "भेसळीच्या कापसावर पाखरू उतरत नाही," असे त्यांचे म्हणणे. कागदाला मात्र अंड्यातला पांढरा बलक लागे. तेव्हा त्यांच्या घरी टोपल्यांनी अंडी येऊ लागली आणि आमच्या आळीत कुजबूज सुरू झाली. पारख्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, माहेरच्या बाळापूरच्या, जिभेने कोणाला हार जाणाऱ्या नव्हेत. एका सोवळ्या शेजारणीने विचारले, "अंडी कोण खातं हो तुमच्याकडे एवढी?" वहिनी उत्तरल्या, "कागद खाते, बाई. तुमच्या घरचा कागद काय खाते? शाईच ना? मंग आमचा जरा चांगलं खाते."

काचा फार दुर्मिळ. बिघडलेले चित्र खरवडून, राखेने घासून, तीच काच पुन्हा वापरावी लागे. आणि नीट घासली नाही तर पहिले चित्र दुसऱ्यातून डोकावे. एकदा मुंबईच्या चिखलातून आमच्या गावच्या देवळाचा कळस उगवला होता. तेव्हापासून ते इतक्या कठोरपणे काचा धूत की वहिनी म्हणत, "मले एवढं घासलं असतं तं मी बी गोरी झाली असती."

आता मूळ अडचण सांगतो. काच ओली असेतोच चित्र घ्यावे लागे, आणि पेटीचे झाकण काढल्यावर भर उन्हातही आठ-नऊ अंक मोजीपर्यंत समोरच्याने हलता कामा नये. पारखी अंक मोजीत ते मापाड्यासारखे, पहिल्याला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून: लाभ, दोन, तीन, चार. रानातला मोकळा पक्षी नऊपर्यंत कोणासाठी थांबतो? तिसऱ्या अंकाला चिखल रिकामा होई. तरी ते झाकण लावीत नसत. "कदाचित परत येईन," म्हणत, आणि नऊ पूर्ण करीत.

मुंबईत छायाचित्रांची चिकित्सा करणारी एक सभा होती. कोणीही चित्र पाठवावे. सभेचे चिटणीस त्यावर इंग्रजीत अभिप्राय लिहून धाडीत. पारख्यांची पत्रे मी लिही आणि उत्तरे मीच वाचून दाखवी. मी वकील, अर्ज, तक्रारी, कैफियती लिहिणे हा माझा धंदा आणि, खरे सांगायचे तर, माझे व्यसन. पहिला अभिप्राय असा आला: "चिखल उत्तम उतरला आहे. सोबतच्या पत्रात दोनशे पक्ष्यांचा उल्लेख आहे. आम्हांस एकही आढळला नाही."

मी संतापलो. पारखी मात्र शांत. "होते ना जी. मी मोजले. त्याइले पाहाले यायले उशीर झाला."

दुसऱ्या चित्रात कुरवांचा थवा उडाला होता. अभिप्राय आला: "आकाशात धूर दिसतो, तो आगबोटीचा असावा." यावर तर ते हर्षभरित झाले. "धूर तं धूर! काहीतरी दिसलं का नाही त्याइले? मागच्या खेपी तेबी नव्हतं." मी सात कलमांचा खरमरीत जबाब लिहिला, त्यांनी तो टपालात टाकू दिला नाही.

ते एकदाच रागावले. चिटणिसांनी सल्ला दिला की प्रेषकाने इतर गृहस्थांप्रमाणे पक्षी मारून, पेंढा भरून, मग त्याचे चित्र घ्यावे, म्हणजे हलण्याचा प्रश्न उरणार नाही. त्यांनी ते पत्र माझ्या हातून घेऊन पालथे ठेवले. मग म्हणाले, "मेलेल्याचं चित्र कायले पायजे, वकीलसाहेब? मेलेला तं तसाच राहते."

याच सुमारास त्यांच्यावर अरिष्ट आले. अकोल्याचा एक मोठा व्यापारी, ज्याचा माल ते वर्षानुवर्षे पारखीत आले, त्याचे गठ्ठे मुंबईत फुटले. आत ओली वाळू, सरकी आणि कुजका कापूस. आणि वर पारख्यांच्या तीन रेघा. खूण झाल्यावर वाटेत गठ्ठे उसवून पुन्हा शिवले होते हे आंधळ्यालाही कळावे. पण व्यापाऱ्याने हात वर केले आणि पारख्याने लाच खाऊन खूण केली असे सांगितले. पारखी माझ्या बैठकीवर आले, उभेच राहिले.

"माही खूण हाये," ते म्हणाले. "आतला माल माहा नाही. एवढंच साहेबापाशी लिहून पायजे. बाकी काहीच नको."

मी अकोल्याच्या कचेरीत दावा गुदरला. अडचण अशी, की साक्षीदार कोणी नव्हता. गाडीवान व्यापाऱ्याचे, गुदाम व्यापाऱ्याचे. आमच्या बाजूला केवळ पारख्यांचा शब्द होता. तेव्हा हा माणूस खोटे करीत नाही, हे कोणी तरी मातबराने सांगायला हवे होते. मला सभेची आठवण झाली. विद्वान साहेबांच्या सभेने एक ओळ लिहावी की याचे काम खरे आहे. ती मी कचेरीत दाखल करणार होतो.

आणि पारखी मुंबईहून बगळा घेऊन आले.

दुसऱ्या एका व्यापाऱ्याने अजून त्यांच्यावर भरवसा ठेवला होता, त्याच्या मालाबरोबर ते गेले होते. ओहोटीच्या पाण्यात खडकावर एक राखी, लांबमानेचा बगळा मासोळीवर टपून उभा होता. बगळ्याला आपण ढोंगी म्हणतो; पण पारखी म्हणाले, "ढोंग नाही जी. ते त्याचं काम हाये. तो आपल्या कामावर, मी माह्या कामावर. दोघाइचंबी लक्ष पान्यात." त्या बगळ्याने त्यांना दोन काचा दिल्या. पहिल्या काचेत सातव्या अंकाला त्याने मान वळविली. म्हणून चित्रात त्याला दोन माना आल्या, एक स्पष्ट आणि एक वाफेसारखी. दुसऱ्या काचेत तो नऊपर्यंत हलला नाही. पीसन्‌पीस दिसत होते. हलत्या लाटांचे मात्र पाणी राहिले नव्हते. त्यांचा पांढरा, मऊ ढीग झाला होता आणि त्यातून बगळा वर आला होता.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ओसरीवर दोन्ही चित्रे मांडली होती. पारख्यांनी स्वच्छ उजव्या हाताने पहिले पुढे सरकविले.

"हे धाडू."

"याला दोन माना आहेत, भाऊ."

"हो ना. हालला तो. जिता होता."

"हे पाहा," मी म्हणालो, "कचेरीत खाडाखोड केलेला कागद कोणी हाती धरीत नाही. एक अक्षर गिरवलेले दिसले की प्रतिपक्ष विचारतो, येथे आधी काय होते? पुरावा निर्मळ असला पाहिजे. हे दुसरे पाठवायचे. निर्दोष आहे."

"मले तेच भेव वाटते," ते म्हणाले. "लय साफ हाये."

"कापूस निराळा आणि कायदा निराळा."

"दोन्ही धाडा मंग."

"दोन पाठविली तर ते म्हणतील, यातले खरे कोणते? तुम्ही माझ्यावर दावा सोपविला आहे ना? मग हेही सोपवा. आणि ते पहिले घरात ठेवूच नका. उद्या झडतीत ते सापडले आणि प्रतिपक्षाने दोन मानांचा पक्षी कचेरीत नाचविला तर? काच धुऊन टाका."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "धुवाची कायले, भाऊजी? माह्या पेटीत ठेवतो ना मी. माही पेटी कोन पाहाते?"

मी हसलो. पेटीची झडती प्रथम होते, हे मी त्यांना कलम-परत्वे समजावून सांगितले. पारखी उठले. कागदावरचे चित्र त्यांनी चुलीत टाकले आणि काच राखेने घासायला बसले. त्यांच्या घासण्याचा आवाज मी निघेपर्यंत येत होता.

चित्राबरोबर मी आणखी एक पराक्रम केला. पक्षी जिवंत होता, मारलेला नव्हता, भरलेला नव्हता, बांधलेला नव्हता, असे चार कलमांचे प्रतिज्ञापत्र पारख्यांच्या नावे, इस्टांपाच्या कागदावर, त्यांच्या अंगठ्यासह जोडले. पक्षी मेलेला आहे असे तोवर कोणी म्हटले नव्हते. ती शंका टपालहशील भरून मीच मुंबईस पाठविली.

उत्तर आले ते आजही मला तोंडपाठ आहे. "प्रेषकाने अखेर आमचा सल्ला मानला याचा आनंद वाटतो, परंतु तो मानल्याचे लपविण्याचा प्रयत्न खेदजनक आहे. जिवंत पक्षी इतका निश्चल, इतका निर्दोष उभा राहत नाही. पाण्याऐवजी कापूस पसरलेला आहे, हे उघड दिसते. प्रेषक कोणत्या प्रांतातून लिहीत आहेत हे पाहता त्याचे आश्चर्य वाटत नाही. मागितल्यावाचून केलेल्या शपथांविषयी आम्ही मौन पत्करतो."

मी वाचता वाचता उभा राहिलो. त्या चिटणिसाने जन्मात एकदा तरी चिखलात पाऊल घातले होते काय? खिडकीतून समुद्र पाहणाऱ्या त्या माणसाला, गुडघाभर पाण्यात ओली काच सांभाळीत नऊ मोजणाऱ्याचा न्याय करण्याचा अधिकार कोणी दिला? मी हे सारे मोठ्याने बोललो, पुष्कळ बोललो. पारख्यांनी ते चित्र हातात घेतले, नखाने त्या पांढऱ्या ढिगावर टोचल्यासारखे केले आणि म्हणाले:

"त्यानं बरोबर पारखलं."

"काय म्हणता!"

"मी बी हेच म्हनलो असतो. लय साफ हाये." मग चित्र खाली ठेवून, "ते दोन मानांचं असतं तं त्यानं वळखलं असतं."

मला तेव्हा गप्प बसता आले असते. मी सभेस अकरा पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. मग एका वर्तमानपत्रास दोन रकाने भरतील असे पत्र धाडले. त्यात पारख्यांचे नाव, गाव, धंदा, सभेचा आरोप शब्दशः, आणि त्याचे मुद्देसूद खंडन. माझे खंडन संपादकांनी जागेअभावी अर्ध्यावर तोडले. आरोप संपूर्ण छापला. तोवर तो आरोप मुंबईतल्या एका टेबलावर पडून होता. आठवड्याच्या आत तो अमरावती, बडनेरा आणि अकोला येथील प्रत्येक कापूसवाल्याच्या तोंडी होता. बाजारात पारखी दिसले की कोणी तरी ओरडे, "ओ पारखी, आमच्या कापसावर एक बगळा बसवून द्या ना जी!"

अकोल्याच्या कचेरीत प्रतिपक्षाचे वकील उठले. फार मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचे ते कात्रण होते.

"हे पत्र आपल्याच वकिलांचे ना?"

"होय जी," पारखी म्हणाले.

"आपण म्हणता पक्षी जिवंत होता. विद्वान सभा म्हणते, मेलेला होता आणि खाली कापूस होता. जिवंत असल्याचा काही पुरावा?"

"एक काच होती. तिच्यात मान हालली होती त्याची."

"छान. मग ती काच दाखवा."

"नाही. धुतली."

मागच्या बाकावर कोणी तरी फिस्सकन हसले. वकिलांनी ते हसणे पूर्ण होऊ दिले.

"पुरावा असलेली काच धुतली. कोणाच्या सांगण्यावरून?"

पारख्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात लेखणी होती. मी उठू शकत होतो. चालत्या दाव्यात वकिलाने साक्षीदार होऊ नये असा आमच्यात दंडक आहे. तो योग्य दंडक आहे. आणि त्या दुपारी मी त्या दंडकाच्या आड, झाडामागे लपतात तसा, बसून राहिलो.

"मीच धुतली," ते म्हणाले. "काच माही. मले कोन कायले सांगन?"

"आणि गठ्ठ्यांवरची खूण?"

"तेबी माहीच."

साहेबांनी निकाल दिला, की ज्याने आपल्या चित्राचा पुरावा स्वतः नष्ट केला त्याच्या एकट्याच्या शब्दावर दुसऱ्या पुराव्यावाचून विसंबता येत नाही. दावा फेटाळला. कायद्याने पाहता निकाल चूक नव्हता. मी अपिलाची पाच कारणे काढली होती. रात्रंदिवस कायद्यात घालवलेल्या माणसास पाच कारणे सुचतातच.

अमरावतीस परतताना गाडीत त्यांनी एकदाच तोंड उघडले. मी विचारले होते, माझे नाव का घेतले नाही.

"तुमचं नाव घेतलं असतं तं माह्या बाजूनं बोलनारा बी खोटा पडला असता," ते म्हणाले. "मंग उरलं काय?" आणि काही अंतर गेल्यावर, "वकीलसाहेब, आता लिहू नका."

त्यानंतर त्यांची खूण कोणी घेईना. पुढे अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळला, शेंब्या बैलांच्या शिंगांवरून उतरल्या, आणि ज्या व्यापाऱ्याने हे केले तोही बुडाला. त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. पारखी बाजारात जात, पण गठ्ठ्याला हात लावीत नसत. पेटी त्यांनी विकून टाकली. त्यांचा डावा हात हळूहळू उजळत गेला, आणि शेवटच्या वर्षी दोन्ही हात सारखे दिसू लागले. ते पाहून मला जे वाटले ते मी कोणत्याही अर्जात मांडू शकलो नाही. ते नमस्कार करीत तेव्हा तळवे आता एकमेकांस टेकत.

ते गेल्यावर महिन्याने मी वहिनींकडे गेलो. मनात एक वेडी आशा होती. काचा विकल्या, पण एक राहिली असल्याचे ऐकले होते. नीट न घासलेल्या काचेवर जुने चित्र राहते. उजेडात तिरपी धरली, तिच्यावर श्वास सोडला, तर कधी कधी दिसते. स्वयंपाकघराच्या फडताळात ती काच होती. वहिनी सांगत होत्या, हीच ती दोन मानांची. त्यांनीच निराळी ठेवली होती, दुसरे चित्र तिच्यावर घेऊ दिले नव्हते.

मी ती दारात नेली. तिरपी धरली. श्वास सोडला. काच पांढरी झाली आणि पुन्हा मोकळी झाली. पुन्हा सोडला. एखादी रेघ, चोचीचे टोक, मानेची वाफ. काही नाही. त्या माणसाने आयुष्यात काम अर्धवट केले नव्हते. हेही केले नव्हते.

"काय पाहून राहिले, भाऊजी?"

"काही नाही, वहिनी."

"त्याइनं लय घासली ती. मी म्हनलं, राहू द्या थोडी. तं म्हने, वकीलसाहेबानं सांगतलं, साफ पायजे." त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे. पिठावर झाकाले लागते मले."

मी काच दिली.

तेव्हा जे उठून सांगावयास हवे होते ते येथे लिहितो: काच धुण्यास मी सांगितले. पक्षी जिवंत होता. खूण खरी होती. हे वाचणाऱ्यांत आता कोणी साहेब नाही, कचेरी नाही, आणि ज्यांच्यासाठी लिहिले तेही नाहीत. त्यामुळे याचा उपयोग शून्य आहे हे मी जाणतो.

वरील मजकुरात पाच ठिकाणी खाडाखोड झाली आहे. ती माझ्या हातची आहे. तशीच राहू द्यावी.